चौदा अलार्म आणि एक दुपार

गौसियाच्या सहीवाचून त्या कंपनीतून साधा स्क्रूसुद्धा बाहेर पडत नसे. कंपनी म्हणजे तरी काय, नांदेडला वजिराबादेत एका कापड दुकानाच्या माडीवर तीन खोल्या आणि सात माणसं. पण या सात जणांनी दवाखान्यात पलंगाशेजारी ठेवायचा मॉनिटर तयार केला होता. रोग्याच्या बोटाला चिमटा लावला की पडद्यावर त्याची नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन दिसायचा, काही बिघडलं की अलार्म वाजायचा. असे साठ मॉनिटर सोमवारी रवाना व्हायचे होते. कंपनीची ही पहिली मोठी ऑर्डर. शनिवारी गौसियानं शेवटची सही केली की खोकी बांधायची, एवढंच उरलं होतं.

मालक मुनीबभाई पुण्यात दहा वर्षं नोकरी करून आलेले. येताना त्यांनी ॲजाइल नावाची कामाची रीत आणली होती. वर्षभर आराखडे करत बसायचं नाही. पंधरा दिवसांत थोडंच करायचं, ते वापरणाऱ्याला दाखवायचं, तो नावं ठेवील ते सुधारायचं, की पुन्हा पुढचे पंधरा दिवस. रोज सकाळी सगळ्यांनी उभ्याउभ्याच कालचं काम सांगायचं, कारण बसलं की चहा येतो आणि चहा आला की गप्पा, असं मुनीबभाईंचं शास्त्र. मात्र यंत्र पडलं दवाखान्याचं. म्हणून प्रत्येक फेरीला धोका कोणता, त्यावर उपाय काय, तपासलं कुणी, हे कागदावर लिहून खाली सही.

ही रीत गौसियाला पहिल्या दिवसापासून मानवली. दोन वर्षं ती लातूरला क्लासेसमध्ये घासून निघालेली. भूकंपाला तेव्हा दहा वर्षं उलटली होती आणि त्या शहरात गल्लोगल्ली क्लास नि घरोघरी भाड्याच्या खाटा झाल्या होत्या. रविवारी परीक्षा, सोमवारी फळ्यावर नंबर. विचारलंय तेवढंच लिहा, शहाणपणा करू नका, असं सर बजावत. मेडिकल दोन मार्कांनी हुकलं, पण लागलेली सवय काही सुटली नाही. मॉनिटरच्या दोनशे चाळीस चाचण्या तिनं स्वतः लिहिल्या होत्या आणि दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस पास होत्या. तिला त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

शुक्रवारी शेवटचं दाखवणं शिरूर अनंतपाळच्या एका लहानशा खाजगी दवाखान्यात होतं. तिथं वर्षभरापासून चार मॉनिटर वापरायला दिले होते. दर फेरीला डॉक्टर आपल्या खोलीत खुर्चीत बसून पडदा बघत आणि म्हणत, "हेही वाजलं पाहिजे बरं का." पुढच्या फेरीत कंपनीतला नबील तेही वाजवून दाखवी. सुरुवातीला तीन अलार्म होते, त्यांचे असे चौदा झाले. त्या शुक्रवारी डॉक्टर लातूरला गेले होते, म्हणून गौसिया पहिल्यांदाच सरळ वॉर्डात गेली. पाहते तो काय, चारही मॉनिटरच्या पाठीमागे, आवाज जिथून येतो त्या जाळीवर, कापसाचा बोळा आणि त्यावर चिकटपट्टी!

तिचं डोकंच फिरलं. वॉर्डातल्या शरणम्मा सिस्टर सलाईनची बाटली बदलत होत्या. निलंग्याकडचं माहेर, बोलण्याला कानडी हेल, वय चाळिशीच्या पुढे.

"हे काय आहे, सिस्टर?"

"कापूस."

"ते मलाही दिसतंय. यंत्राचं तोंड दाबून ठेवलंत? कुणाला काही झालं तर जबाबदार कोण?"

सिस्टरनी बाटली अडकवली, थेंब मोजले आणि मग मागं वळून पाहिलं. "तुमी कापूस काढा, बाई. अन् माझी ड्युटी संपस्तोर हितं बसा. जे वाजंल त्याला उठा. मंग बोला."

गौसियाला असल्या आव्हानाची उलट हौस. तिनं बोळे उपटून काढले, वही उघडली आणि स्टुलावर बसली. दुपारचे दोन वाजले होते. पहिल्या पलंगावर दम्याचे श्रीमंतमामा होते. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि चिमटा लावलेल्याच बोटानं मिशी खाजवायची सवय. मिशी खाजवली की अलार्म. पलीकडच्या म्हातारीचे हात गार, तिथं नाडी सापडेना म्हणून अलार्म. तिसरीकडे बॅटरी उतरली म्हणून, चौथ्याकडे रोगी कुशीवर वळला म्हणून. पहिल्या तासात गौसिया एकतीस वेळा उठली. खरं काम निघालं ते दोनदाच. दुसऱ्या तासात ती बसल्या जागेवरून मान वर करून बघू लागली. तिसऱ्या तासात मान वर न करताही तिला कळायला लागलं की हा अलार्म कशाचा. निदान तिला तसं वाटलं.

पंच्याण्णवावा अलार्म वाजला तेव्हा ती वहीत चौऱ्याण्णव लिहीत होती. मामांची मिशी, असं मनाशी म्हणून तिनं खाली पंच्याण्णव लिहिले. तेवढ्यात दारातून सिस्टर तिला धक्का देतच पुढं धावल्या. मामांची नळी नाकातून निसटली होती, ते उशीवरून घसरले होते आणि त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते. पडद्यावर ऑक्सिजन एक्क्याऐंशी. सिस्टरनी त्यांना काखेत हात घालून बसतं केलं, नळी लावली, पाठ चोळली. आकडा हळूहळू चढत नव्वदीच्या वर गेला. मामांनी डोळे उघडून पाणी मागितलं.

गौसियाला रडू आलं आणि लाजही वाटली.

"तुमी उठला न्हाईत," सिस्टर म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

"नाही उठले."

सिस्टर पलंगाच्या कडेला टेकल्या. "भूकंपाच्या आदल्या वर्षी आमच्या सासरच्या गावाला जमीन लई खेपा हादरली. पैल्यांदा भांडी वाजली तवा आख्खं गाव बाहेर पळालं. दुसऱ्यांदा बी पळालं. मंग रोजचंच झालं. सासूबाई म्हणायच्या, भांडीच हायत, वाजू दे. त्या दिशी बी तेच म्हणल्या. मी लेकराला शू करवाया बाहेर नेल्तं, म्हणून आज हाय." त्यांनी मामांची उशी सारखी केली. "सासू काय बहिरी न्हवती, बाई."

परतीच्या बसमध्ये गौसियानं धोक्यांचे कागद मांडीवर उघडले. चौदा अलार्म, चौदा कागद, चौदाही सह्या तिच्याच. प्रत्येक फेरीत त्यांनी विचारलं होतं, आणखी काय हवं? नको काय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी काढलं कुणी असतं? अलार्म घातला तर कुणी जाब विचारत नाही, काढला आणि उद्या काही झालं तर काढणाऱ्याचंच नाव निघतं. आणि वर्षभर ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरांच्या खुर्चीमागं सिस्टर दर वेळी फाईल धरून उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी मुनीबभाईंनी पेन पुढं केलं. गौसियानं सहीचा कागद बाजूला सारला आणि दुसरा ठेवला. मुनीबभाईंनी तो मोठ्यानं वाचला.

"चाचणी दोनशे एक्केचाळीस. साडेतीन तास अलार्म ऐकल्यावर माणूस उठतो का? अलार्म पंच्याण्णव, पैकी खरे तीन. तिसऱ्याला परीक्षक उठली नाही. परीक्षक गौसिया. निकाल नापास."

बाहेर साठ रिकामी खोकी भिंतीला टेकून उभी होती.

"सोमवार गेला म्हणायचा," मुनीबभाई म्हणाले.

"गेला."

"किती फेऱ्या लागतील?"

"दोन तरी. अकरा अलार्म काढावे लागतील असं वाटतंय. आधी सिस्टरांना विचारायचं, मग डॉक्टरांना. काढलेल्या प्रत्येक अलार्मच्या कागदावर सही मी करीन."

मुनीबभाईंनी मान हलवली. फोनला हात घालता घालता ते थांबले. "हे कागद बाहेरचे तपासनीस वाचतात, गौसिया. तुझं नाव काढू या का? नुसतं 'एक परीक्षक' लिहू. कायमचं राहील ते."

"राहू द्या, मुनीबभाई," ती म्हणाली. "नाव काढलं तर वाचणाऱ्याला वाटेल, असेल कुणीतरी कामचुकार, लागला असेल डोळा. मी टक्क जागी होते."