कच्च्या टाक्यांवरचा दात

मी एक जुना दात आहे. मित्रांनो, हसू नका! वरच्या ओळीतला, अगदी समोरचा, तोंड उघडलं की सगळ्यांत आधी दिसणारा दात. माझी मालकीण कपडे शिवायची. ती सात वर्षांची असताना मी हिरडीतून बाहेर आलो. तेव्हा त्या चिमुकल्या तोंडात मी इतका मोठा दिसायचो, की तिचा भाऊ तिला 'फावडी' म्हणून चिडवायचा. तिने कधी मनावर घेतलं नाही. उलट ती अजूनच हसायची. आणि तिचं हसणं म्हणजे काय सांगू! पुढे तिने शिवणाचं दुकान काढलं, तेव्हा समोरचा न्हावी हातातला वस्तरा थांबवून ओरडायचा, "काय झालं हो मावशी? आम्हालाही सांगा की!"

चावायचं काम दाढांचं. माझं काम दोरा तोडायचं. कात्री हाताशी असली तरी ती दोरा माझ्या कडेखाली धरायची आणि कट्! वर्षानुवर्षं दोरे तोडून माझ्या कडेला बारीकशी खाच पडली होती. मला त्या खाचेचा केवढा अभिमान होता!

मग मी किडलो. दवाखान्यात माझी नस काढली, पोकळ मुळात धातूची काडी बसवली आणि वर टोपी चढवली. बाहेरून मी झकास दिसत होतो, आतून मात्र ठिसूळ झालो होतो. तरी दोरे तोडणं चालूच! एका दुपारी जीन्सच्या पँटचा जाड दोरा तोडताना माझ्या मुळाला उभी चीर गेली. हिरडी सुजली. मी हलायला लागलो. आणि तिचं हसणं बंद झालं. "मावशी रागावल्या का आमच्यावर?" न्हाव्याने विचारलं. तिने नुसती मान हलवली.

तिची मुलगी तिला दोन दवाखान्यांत घेऊन गेली. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो बघितला आणि ते म्हणाले, "मूळ तडकलंय. काढून टाकू." दुसऱ्या डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी बराच वेळ विचार केला.

"काढावा तर लागेलच," त्या म्हणाल्या. "पण बाहेर काढून चीर चिकटवता येते आणि तोच दात परत जागेवर बसवता येतो. टिकेलच अशी खात्री मी देत नाही."

"बसवा," मुलगी म्हणाली. "आई हसली पाहिजे, बस!"

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या मुळाने पहिल्यांदा उजेड पाहिला. "मुळाला कोणी हात लावायचा नाही," डॉक्टरांनी बजावलं. मला टोपीपाशी धरून त्या सारखं मिठाचं पाणी शिंपडत होत्या, कारण मूळ सुकलं की त्यावरचे जिवंत धागे मरतात. निळा रंग लावताच चीर स्पष्ट दिसली. त्यांनी ती बारीक कोरली आणि चिकट लेपाने भरली. मदतनीस मोठ्याने वेळ सांगत होती, "आठ मिनिटं... नऊ..." दहाव्या मिनिटाला मी घरी! शेजारच्या दातांना मला बारीक तारेने बांधलं.

"हाडाला आणि मुळाला हे धागेच धरून ठेवतात," डॉक्टर म्हणाल्या. "ते नव्याने जुळायला सहा आठवडे लागतील. आत्ता नुसते कच्चे टाके आहेत, मावशी. पक्की शिलाई दातालाच घालायची आहे."

"कच्च्या टाक्यांवर मी कुणाला कपडा घालू देत नाही," ती म्हणाली.

पण सवय ती सवय! पहिल्याच आठवड्यात तिने विसरून कडक टोस्ट चावला, तेव्हा मुलगी दोन दिवस बोलली नाही. "माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुला त्याचं काहीच नाही!" मग तर ती दिवसभर पाळतीवरच असायची. "आई, दात!" "आई, कात्री!" माझी मालकीण गिऱ्हाइकांना सांगायची, "आमच्या घरी दाताची फौजदार नेमली आहे."

तीन आठवड्यांनी तार निघाली. धागे हळूहळू पकड घेत होते. मला ते जाणवत होतं. किती बरं वाटायचं!

पाचव्या आठवड्यात ती एका शर्टाची बटणं लावत होती. शेवटचं बटण झालं. हात थांबला, मान खाली गेली आणि कट्!

तोंडात रक्ताची चव आली. ती जागच्या जागी थिजली.

"आई, दात नाही ना लावलास?" आतून आवाज आला.

"नाही गं बाई. कात्री आहे ना!"

नऊ दिवस तिने कोणाला सांगितलं नाही. दुखायची गोळी घ्यायची, मऊ भात गिळायची. मी हलत राहिलो, आणि जुळलेले धागे एकेक करून सुटत गेले. शेवटी गाल सुजला, तेव्हा सगळं उघड झालं.

"त्याच दिवशी आला असता, तर मी परत तार बांधली असती," डॉक्टर म्हणाल्या.

"मला का नाही सांगितलंस?" मुलीने रडत विचारलं.

"तू ओरडली असतीस."

मुलीने डोळे पुसले आणि तिला जवळ घेतलं.

आता मी दवाखान्याच्या कपाटात एका छोट्या बाटलीत असतो. डॉक्टर मला काढून शिकाऊ मुलांना दाखवतात. "बघा, चिकटवलेली चीर अजून तशीच घट्ट आहे. इथे काहीच बिघडलं नव्हतं." मुलं माना डोलावतात आणि मी परत कपाटात जातो. तिला नवा दात बसवलाय म्हणे. ती हसते का, ते मला कोणी सांगत नाही.

मित्रांनो, दातांनी दोरे तोडू नका, बाटल्यांची झाकणं उघडू नका, एवढं तर मी सांगणारच. पण चूक झालीच, तर ती त्याच दिवशी सांगा. आणि तुमच्या घरातलं कोणी भीत भीत सांगायला आलं, तर आधी त्याला जवळ बसवा. ओरडायचं असेल तर उद्या ओरडा.