सरळ रेषेतला डोंगर

माझा धाकटा भाऊ शास्त्रज्ञ आहे, हे मी लोकांना जरा बिचकतच सांगते. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कशाचा? आणि उत्तर आहे, चिखलाचा. उमेदीची सगळी वर्षं हा माणूस जहाजावरून समुद्रात लांबलचक नळ्या सोडत होता. तळाचा गाळ त्यात भरून वर आणायचा, थंडगार खोलीत त्या नळ्या उभ्या चिरायच्या आणि आतल्या चिखलाकडे भिंग लावून बघत बसायचं. लहानपणी चिखलात लोळला म्हणून आईने ज्याला बदडून काढलं, त्याला मोठेपणी त्याच कामाचा पगार मिळू लागला. आई हे बघायला राहिली नाही, हे बरंच झालं.

त्या चिखलात हा काय शोधायचा, तेही सांगते. समुद्राच्या तळाशी बारीक गाळ वर्षानुवर्षं शांतपणे साचत असतो, आणि मध्येच जाड रेतीचा एक पट्टा लागतो. कधी काळी किनाऱ्यावरचा एखादा उतार कोसळून पाण्यात गेला, त्याची ती खूण. पट्ट्यावरून हा सांगायचा, अमुक डोंगर इतक्या हजार वर्षांपूर्वी पडला. मी म्हणायची, अरे मग आता काय, त्याच्या घरच्यांना भेटून यायचं का?

पुढे त्यांचं जहाज मोडीत निघालं आणि याला दरडींच्या खात्यात टाकलं. तिथे तपासायचे म्हणून जे उतार निघाले, त्यातला पहिला आमच्या घरामागचा. हा योगायोग आहे, असं तो अजून शपथेवर सांगतो.

आमची नऊ घरांची ओळ आहे आणि सगळ्यांच्या पाठी डोंगराला लागलेल्या. माझ्या ओट्याची खिडकी थेट उतारावर उघडते. हे घर आमच्या ह्यांनी स्वतः बांधलं. आमचे हे म्हणजे माझे यजमान. फरशी बसवण्यात त्यांची हयात गेली. ओळीत सगळे त्यांना 'ओळंबा' म्हणतात. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे बघायला दोरीला वजन लावून सोडतात ना, तो ओळंबा. डॉक्टरकडे गेले तरी हे आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात आणि मग छातीत दुखतंय म्हणून सांगतात. बोलायला तोंड उघडतील तर शपथ. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे आहे.

तर धाकटा आला, डोंगराच्या माथ्यावर जाऊन आला, आणि हात न धुताच खुर्चीवर बसला. माथ्यावर एक भेग पडली होती, घरांच्या ओळीएवढी लांब. त्याचं म्हणणं, उतार आतून सुटलाय, हळूहळू खाली येतोय, घर सोड. मी म्हटलं, तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खुराड्यात येऊन काय करू? माझे गुडघे, माझा ओटा, माझी खिडकी, सगळ्यांची नावं घेऊन झाली. शब्दाला शब्द वाढत गेला. शेवटी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मोजून दाखव. डोंगर हलला तर एक चकार शब्द न काढता बाहेर पडेन. नाही हलला, तर हा विषय माझ्यापुढे पुन्हा काढायचा नाही.

तो कबूल झाला. त्याच्या खात्याच्या लोकांनी उतारावर आडव्या ओळीत डझनभर लोखंडी खुंट्या ठोकल्या. टोकाच्या दोन पक्क्या खडकात, मधल्या सगळ्या मातीत. प्रत्येकीच्या डोक्यावर नखाएवढा आरसा. हिशेब सोपा होता. डोंगर सरकला की मधल्या खुंट्या त्याच्याबरोबर खाली येणार आणि ओळीला पोट सुटणार. महिन्याकाठी धाकट्याने यायचं, दुर्बिणीसारखं यंत्र लावायचं आणि कोणती खुंटी किती ढळली ते बघायचं.

आता यात एक गंमत अशी, की माझ्या भावाला डोंगराचा अभ्यास आवडतो, पण डोंगर चढायला आवडत नाही. यंत्र लांबूनच मोजतं, तर कशाला तंगडतोड? म्हणून त्याने ते आमच्या गच्चीवर मांडलं. शेजारी खुर्ची, खुर्चीवर तो, आणि दर अर्ध्या तासाने खालून चहा. शास्त्र असं आरामात चालतं हे मला माहीत असतं तर मीसुद्धा शिकले असते.

पहिल्या महिन्यात खुंट्या जागच्या जागी. दुसऱ्या महिन्यात तेच. मी फक्त चहा देताना जरा जास्तच गोड हसले. पावसाळा लागला, चांगला मुरला, तरी ओळ सुतासारखी सरळ. आणि तिकडे माथ्यावरची भेग मात्र रुंद होत चाललेली. धाकट्याच्या खात्यातला एक जण वर जाऊन तिचा फोटो काढून आणायचा आणि हा तो फोटो हातात धरून गच्चीवर बसून राहायचा. भेग उघडते आणि उतार हलत नाही, हे गणित त्याला सुटेना. त्याने यंत्र बदललं, चष्मा बदलला. त्याच्या साहेबाने तर भर बैठकीत विचारलं, की तुम्हाला समुद्राच्या तळाशी परत पाठवू का, तिथे सगळं शांत असतं.

मी ओळभर मिरवत होते. शेवटच्या घरातली शिंपीण सामान बांधून लेकीकडे निघाली होती, तिला मी थांबवलं. म्हटलं, माझा सख्खा भाऊ मोजतोय, यंत्र खोटं बोलतं का? तिने बोचकी सोडली.

मग एक दिवस धाकटा यंत्र न घेता आला. पुढच्या सोमवारी बैठक होती आणि त्यात या उताराचं काम बंद होणार होतं. धोका नाही, असा शिक्का. तो जेवला नाही. म्हणाला, "ताई, जन्मभर मी मेलेल्या डोंगरांचा पंचनामा केला. वाटलं होतं, एक तरी पडायच्या आधी गाठावा." मी पाठीवर हात ठेवला आणि आतून खूश झाले. खोटं कशाला सांगू, जिंकल्यावर माणसाला जे वाटतं ते मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्याने माझी चादर दोरीवरून उडवली आणि उतारावर नेली. गुडघ्यांना शिव्या घालत मी वर गेले. बघते तर झुडपांच्या आड आमचे हे गुडघ्यांवर बसलेले. टोकाच्या खडकातल्या दोन खुंट्यांना त्यांनी सूत ताणून बांधलं होतं. शेजारी हातोडी, थापी, घमेल्यात थोडा माल. मधली एक खुंटी सुतापासून वीतभर खाली गेली होती. ती त्यांनी उपटली, सुताला लावून परत ठोकली, डोळा बारीक करून बघितली, आणि रिकाम्या भोकात सिमेंट भरून त्यावरून थापी फिरवली. वर गवत सारखं केलं.

मी चादर विसरले. गवत बाजूला केलं तर प्रत्येक खुंटीखाली सिमेंटचे गोल ठिपके, एकाखाली एक, सदऱ्याच्या बटणांसारखे. टोकाजवळच्या खुंट्यांखाली चार-दोन, मधल्यांखाली मोजता येईनात इतके.

मग माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मुद्दा हा होता, की सरळपणाचं हे वेड भिंतीवरच्या कॅलेंडरांपुरतं ठेवा म्हणून तीस वर्षं सांगतेय, आणि तुम्ही अख्खा डोंगर सरळ करायला निघालात? पोटच्या पोरासारख्या मेव्हण्याची अब्रू घालवलीत. हे ऐकून घेत राहिले. सूत गुंडाळलं, थापी पुसली आणि म्हणाले, "चुकलं."

घरी आल्यावर मी ओट्याशी उभी राहिले. खिडकीतून ओळ दिसत होती, छान सरळ. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं की डोंगर खरंच खाली येतोय. रोज येतोय. मी भाजी चिरते तेव्हाही येतोय. आणि तरीही त्या दिवशी मी फोन केला नाही. हे कुणाला ठाऊक होतं? ह्यांना आणि मला. हे बोलणाऱ्यांतले नाहीत. सोमवारी शिक्का बसला असता, घर राहिलं असतं, मी जिंकलेली राहिले असते. भेग काय, कितीतरी डोंगरांना असते, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. संध्याकाळी शिंपीण आली, माझ्यासाठी शिवलेल्या उशीच्या खोळी घेऊन. तुमच्यामुळे राहिले हो, म्हणाली. तिच्यामागे तिची नात दारात एका पायावर उड्या मारत होती. त्यानंतर मला ते घर नकोसं झालं.

मी धाकट्याला फोन लावला. म्हटलं, "खुंट्या हलल्यात. यंत्र आणू नकोस, चढायची चप्पल घालून ये."

तो आला आणि खुंट्या ठोकल्यापासून पहिल्यांदाच डोंगर चढला. ठिपके बघून आधी मटकन खाली बसला, मग इतका हसला की मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. टेप काढून तो सगळ्यात खालच्या, म्हणजे सगळ्यात जुन्या ठिपक्यापासून वर, एकेक ठिपका मोजत गेला, आणि हळूहळू त्याचं हसू गेलं. बोटाने दाखवत म्हणाला, हे ठिपके वर वर जाताना बघ कसे लांब लांब होत गेलेत. ह्यांची फेरी रोज सकाळची, म्हणजे डोंगर नुसता सरकत नव्हता, त्याचा वेग वाढत होता. जन्मभर नळ्यांतले पट्टे वाचलेल्या माणसाला हे वाचायला वेळ लागला नाही. ह्यांनी प्रत्येक भोक इतकं नीट बुजवलं नसतं, तर पावसात एकही खूण राहिली नसती. लबाडीसुद्धा इतकी सुबक असते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

त्याच दुपारी साहेब आला, ठिपक्यांकडे बघून त्याचा चेहरा उतरला, आणि नऊ घरं रिकामी करायचा हुकूम निघाला.

डोंगर नंतर आला. भर दुपारी आला, आणि सगळ्या ओळीच्या मागच्या खोल्या, माझ्या ओट्यासकट, घेऊन गेला. कुणाला खरचटलंही नाही. हे वर्तमानपत्रात आलं, धाकट्याचा फोटोही आला. सरळपणाचं वेड असलेल्या एका गृहस्थामुळे खुंट्या कशा फसल्या आणि त्याच वेडामुळे पुरावा कसा राहिला, हा किस्सा तो आता भाषणांत सांगतो. लोक पोट धरून हसतात. हे पहिल्या रांगेत बसून त्यांच्याबरोबर हसतात.

पण घर सोडताना जे झालं ते कुठे छापून आलेलं नाही. खाली टेम्पो उभा होता. मी ओट्याजवळ डबे भरत होते आणि तोंड चालूच होतं. म्हटलं, एवढा शिकलेला मेव्हणा, त्याने कशासाठी खुंट्या ठोकल्या हे एकदा तरी विचारावं की नाही माणसाने?

"ठाऊक होतं," हे म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. काय ठाऊक होतं, विचारलं.

"कशासाठी ठोकल्यात ते. तू म्हणालीस ना, खुंट्या हलल्या तर घर सोडीन." ते डब्याचं झाकण लावत होते, मान वर केली नाही. "तुला सोडायचं नव्हतं."

मी हातातला डबा खाली ठेवला आणि विचारलं, की तुम्हाला काय हवं होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न मी बहुधा पहिल्यांदाच विचारत होते.

"मला भीती वाटते गं. पाऊस लागल्यापासून डोळ्याला डोळा नाही. वरती दगड घसरल्याचा आवाज येतो. तू झोपलेली असतेस."

मी रागावले नाही. रडलेही नाही. मला इतकी लाज वाटली, की कशाकडे बघावं कळेना. हा घाबरलेला माणूस रोज सकाळी त्याच डोंगरावर चढत होता आणि तो हलला नाही असं मला दाखवत होता. मी खिडकीतून ओळ सरळ आहे म्हणून हसत होते. घर मला हवं होतं, आणि त्याचं ओझं ते एकटे सुताने ओढून धरत होते.

अजून अर्धे डबे भरायचे होते. टेम्पोवाला खालून हाका मारत होता. हे पुढच्या दाराशी जाऊन कुलूप शोधू लागले, मग किल्ली, मग पुन्हा आत वळून माझ्याकडे बघू लागले, की हिचं आवरलं का, हिला आणखी थोडा वेळ हवा का. मी डबे तिथेच टाकले. कुलूप राहू द्या म्हटलं, त्यांच्या मनगटाला धरलं आणि त्यांच्या आधी उंबऱ्याबाहेर पाय टाकला.