झिरमिऱ्याची नोंद

कानसेन हे नाव त्यांना वनखात्यातल्या लोकांनी थट्टेत दिलं होतं, पण त्या थट्टेत आदरच जास्त होता. पहाटे जंगलात नेऊन उभं केलं की हा माणूस डोळे मिटून पाच मिनिटांत सांगणार: कोणतं पाखरू बोलतंय, कुठून बोलतंय, पिल्लांना सावध करतंय की हद्दीवरून भांडतंय. सोबत रेकॉर्डिंग व्हायचं, ते नियम म्हणून. ते कधी कुणी उघडून ऐकलं नाही. कानसेनांनी नोंदींच्या तक्त्यात लिहिलं म्हणजे लिहिलं, त्यावर आणखी कुणी कान कशाला लावायचा?

यंदा खात्याने जुनी रेकॉर्डिंग नीट लावून मागितली, तेव्हा त्यांनी लेकीला हाताशी घेतलं. बायको गेल्यापासून बापलेकीत बोलायला फारसं काही उरलं नव्हतं, त्यामुळे हे काम दोघांनाही बरं वाटलं. मागच्या खोलीत ती हेडफोन लावून कॉम्प्युटरपाशी बसायची आणि ते शेजारी बसून तिच्या चुका काढायचे.

"बाबा, हा मागे सारखा झिर्रर करतोय तो कोण?"

"कुठे?"

"आत्ता. चालूच आहे की."

त्यांनी हेडफोन घेतला, डोळे मिटले. काहीच नव्हतं. "वाऱ्याची खरखर असेल," ते म्हणाले.

लेकीने पडद्यावर बोट ठेवलं. तिथे आवाजाचं चित्र उमटतं, जाड आवाज खाली, बारीक आवाज वर. अगदी वरच्या बाजूला एक बारीक, दाणेदार रेघ पाचही मिनिटं न तुटता गेली होती. ही रेघ त्यांनी स्वतः कितीतरी विद्यार्थ्यांना ओळखायला शिकवली होती. झिरमिऱ्या. मूठभर, करडा, झुडपाच्या बुडाशी दडून राहणारा पक्षी. तो दिसत जवळजवळ नाहीच, आवाजावरूनच ओळखायचा.

रेकॉर्डिंग चार वर्षांपूर्वीचं होतं आणि त्या दिवशीच्या तक्त्यात झिरमिऱ्यापुढे त्यांच्याच वळणदार अक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं. पुढच्या दोन्ही वर्षी तेच. त्या तीन नोंदींच्या जोरावर जंगलाचा पूर्वेकडचा अर्धा भाग तोडला गेला आणि तिथे गोदामं उठली. झिरमिऱ्या आहे असं लिहिलं असतं, तर कायद्याने एका फांदीलाही हात लावता आला नसता. यंदा पश्चिमेकडच्या अर्ध्याची पाळी होती.

त्यांना कधी शंका आली नव्हती, असंही नाही. घड्याळाचा गजर ऐकू येईना तेव्हा त्यांनी दोनदा सेल बदलला आणि तिसऱ्यांदा घड्याळच. वय झालं की बारीक आवाज आधी जातात, हे ते इतरांना मोठ्या हौशीने समजावत. स्वतःचे कान तपासून घ्यायला मात्र त्यांना फुरसत झाली नाही. कानसेन म्हणवून घ्यायची सवय लागली होती, दुसरं काय.

"मी कुणाला सांगणार नाही," लेक म्हणाली.

"मला सांगावं लागेल."

दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात गेले. साहेब त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने उठून खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं.

"सर, जुन्या रेकॉर्डिंगवर आता तोड थांबवता येणार नाही," तो म्हणाला. "यंदा पश्चिमेला एक जरी नर बोलला, तरी मी थांबवतो. पण पंधरा दिवसांत. आणि तक्ता तुमच्याच सहीचा लागेल, नेमणूक तुमची आहे."

"माझ्या कानांचं आता काय खरं?"

"ताईंना बरोबर न्या."

मग रोज पहाटे बापलेक पश्चिमेकडे जाऊ लागली. दहा जागा, प्रत्येक जागी पाच मिनिटं. लेक कान देऊन उभी राहायची आणि ते तिच्या तोंडाकडे बघत राहायचे, निकालाच्या दिवशी पोरं फळ्याकडे बघतात तसे. ती मान हलवायची. असे चौदा दिवस गेले. पूर्वेकडून गोदामांच्या ट्रकची घरघर येत होती. तेवढी त्यांना स्पष्ट ऐकू येत होती.

पंधराव्या दिवशी, ओढ्याकाठच्या शेवटच्या जागी, लेकीने हात वर केला.

"आहे."

"कुठे?"

"डावीकडे. खाली, झुडपात."

"कसा बोलतोय, सांग ना."

तिने झुडपाकडे बघितलं. "बारीक. वाळू चाळल्यासारखा. मध्येच थांबतो, परत लागतो."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी 'आहे' लिहिलं. परतीच्या वाटेवर ते अखंड बोलत होते. लग्नानंतर तिच्या आईला हा आवाज ऐकवायला पहाटे उठवून नेलं, तर ती म्हणाली होती, एवढ्यासाठी माझी झोप मोडलीत, हा तर रातकिडा आहे. हे सांगताना ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

घरी येऊन लेक चहा ठेवायला गेली. त्यांनी कॉम्प्युटरवर पहाटेचं रेकॉर्डिंग उघडलं, संशयाने नव्हे. कानांनी नाही तर नाही, निदान डोळ्यांनी तरी त्याला बघावं, एवढंच मनात होतं.

वरची बाजू कोरी होती. त्यांनी चित्र मोठं केलं, पुन्हा पहिल्यापासून बघितलं. खाली ओढ्याचा जाड पट्टा, एका कावळ्याचे ठिपके, आणि वर काही नाही. झिरमिऱ्या मध्येच थांबत नाही, हे तर त्यांना ओढ्याकाठीच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल.

लेक कप घेऊन दारात आली आणि पडदा बघून तिथेच उभी राहिली.

"जंगल वाचलं असतं, बाबा. आणि तुम्ही... येताना किती बोलत होतात."

"हो," ते म्हणाले. "फार बरं वाटलं गं मला."

साहेब रेकॉर्डिंग उघडून ऐकणार नव्हता. खात्यात आजवर कुणी उघडलं नव्हतं. सही केली की पश्चिमेकडची सगळी झाडं उभी राहणार होती. चहावर साय धरेपर्यंत ते तक्त्याकडे बघत बसले. मग त्यांनी लेकीला जवळ बसवलं, तिचा हात डाव्या हातात धरला, 'आहे' खोडलं, शेजारी 'नाही' लिहिलं आणि सही केली. ती रडत होती, पण तिने हात सोडवून घेतला नाही.

सोमवारपासून करवती लागणार होत्या. करवतीचा आवाज जाड असतो. तो त्यांना घरात बसूनही नीट ऐकू येणार होता.