करकऱ्याचं कारण

"आते लिख," धनुबाई म्हणाली आणि फुटलेल्या ओठावरचं रक्त पदराच्या टोकानं टिपलं.

प्रमिलानं टाक दौतीत बुडवला, पण हात पुढे सरकेना. "माय, तोंड धुई ले पयले."

"मंग इसरी जासू. लिख. करकऱ्याना जोडा वाजनात. करकर, करकर. बेडकीनी पिलंसले पाण्याम्हा लोटं अनी सोता काठवर बशी ऱ्हायनी."

मागच्या ओसरीत कपाशीच्या गाठोड्याला टेकून सहा वर्षांची दिवली ऐकत होती. ती हिलालची, म्हणजे धनुबाईच्या भावाची मुलगी. आई बाळंतपणात गेल्यापासून ती या तापीकाठच्या गावी फुईकडेच वाढत होती. गोष्ट सुरू झाली तीही तिच्यासाठीच. राक्षसाचं नावही तिनंच ठेवलं. तो आला की त्याचे जोडे करकरतात, म्हणून करकऱ्या. हे जोडे घरात कुणाच्या पायात असतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. बोलून कुणी दाखवत नव्हतं.

धनुबाई अहिराणीत सांगे. मराठी सहावी झालेली प्रमिला ते शाळेच्या भाषेत उतरवी. हिलाल नंदुरबारच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका आणि दुसऱ्यांची पुस्तकं जुळवून त्याची बोटं काळी झाली होती. घरातलं एक पुस्तक, लहान मुलांसाठी, आपल्या हातानं छापायचं, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. मालकानं उरलेला कागद वापरायला होकारही दिला होता.

बेडकीला करकऱ्यानं कसं आपटलं, इथवर मजकूर आला तेव्हा दिवलीनं कानांवर हात ठेवले. त्याच वेळी प्रमिलाला दारात सावली दिसली. तिचा बाप, हिंमतराव, उभा होता. पायांत जोडे नव्हते, हातात होते.

किती वेळचा उभा होता, कळायला मार्ग नव्हता. धनुबाईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"हाऊ राक्षस कोन शे?" त्यानं विचारलं.

"करकऱ्या!" दिवली म्हणाली. "त्याना जोडा वाजतस."

हिंमतरावानं हातातल्या जोड्यांकडे पाहिलं, ते खाली ठेवले आणि भिंतीला टेकून बसला.

"वाच. पयलेपासून."

प्रमिलानं वाचलं. बेडकी कोल्ह्याला चिखलात फसवते तिथे हिंमतराव मोठ्यानं हसला, आणि त्या हसण्यानं तिघी दचकल्या. मार आला तेव्हा मात्र त्यानं मान हलवली.

"अशा नही मारत कोनी. दात दखाडीसन नही येत तो. पयले गोड बोलस. नाव लीसन बोलावस. जवळ उना का मारस."

प्रमिलानं आईकडे पाहिलं. धनुबाई जमिनीकडे बघत होती. तशीच म्हणाली, "लिख. बराबर शे."

त्या दिवसापासून हिंमतराव ओसरीत येऊन बसू लागला. मळ्यातून आला की हातपाय धुऊन विचारी, आज काय झालं राक्षसाचं? त्याला बारकावे सुचत. करकऱ्या जेवताना कसा दिसतो, त्याच्या घरात पाखरं घरटं का बांधत नाहीत. ती कापूसवेचणीची धांदल होती. एरवी याच दिवसांत त्याचा हात सगळ्यात जास्त सुटायचा. यंदा सुटला नाही. धनुबाईचा ओठ भरून आला. बाप आज लवकर येईल का, याची आपण वाट पाहतोय, हे प्रमिलाच्या एक दिवस लक्षात आलं आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं.

गोष्ट संपत आली तेव्हा हिंमतराव म्हणाला, "पन तो कसाले मारस, ते त लिखंच नही तुम्ही."

"राक्षसच शे तो," दिवली म्हणाली.

"नही. कारन ऱ्हास."

मग त्यानं सांगितलं. करकऱ्या लहान होता तेव्हा काही सांडलं, फुटलं की त्याचा बाप त्याच्या पायांना मोटेचा दोर बांधायचा आणि डोकं खाली करून विहिरीत सोडायचा. आत अंधार असायचा आणि पाण्यावर स्वतःचंच उलटं तोंड दिसायचं. ओरडणं थांबेपर्यंत बाप दोर ओढत नसे. एकदा करकऱ्या ओरडायचा थांबला तरी बापानं दोर ओढला नाही. तो तंबाखू खात विहिरीच्या काठच्या थाळ्यावर बसला होता.

विहीर कोणती, असं कुणी विचारलं नाही. प्रमिलानं लिहिलं ते पान तिच्या आजवरच्या लिहिण्यात सगळ्यात चांगलं उतरलं. लिहिताना शाईवर दोन ठिकाणी पाणी पडलं.

वाचून झाल्यावर धनुबाई म्हणाली, "हाई पान नको."

"काबरं?" हिंमतरावानं विचारलं. "मन्हं खोटं शे?"

"खरं शे. माले माहित शे. तरी नको. पोरंसले वाटी, ज्यानापाशी कारन शे त्यानी मारं तरी चालस."

हिंमतराव उठून गोठ्याकडे गेला. थोड्या वेळानं तिथूनच त्याची हाक आली, अगदी शांत.

"धनु, आठे ये जराशी."

ती उठली. प्रमिलानं तिचा पदर धरला, तो तिनं सोडवला आणि गेली.

पहिला फटका पाठीवर पडला, तो बैलांच्या पराणीचा होता. नंतरचे सगळे प्रमिलाला दिसले नाहीत, कारण दिवली तिच्या मांडीत शिरली होती आणि तिचे कान दाबून धरायला प्रमिलाचे दोन्ही हात लागत होते. "माले राक्षस म्हनस? मन्हा घरम्हा बशीसन?" हिंमतराव ओरडत होता. बैल दावं ताणून मागे सरले. धनुबाईनं तोंडापुढे हात धरला आणि पराणी मनगटावर बसली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. त्यानंतरही दोन फटके पडले. मग पराणी फेकल्याचा आवाज आला.

मग हिंमतरावच वैदूला घेऊन आला. तोच तिला पाणी पाजत रात्रभर उशाशी बसला.

हिलाल रविवारी आला. बहिणीचा बांधलेला हात पाहून त्यानं पिशवी टाकली आणि हिंमतरावाचा गळा धरला. "दाजी, आज तुम्ही नही का मी नही!" पण खिळे उचलणारे हात ते, हिंमतरावानं त्याला कणगीवर आपटलं, वर लाथ घातली. हिलालच्या तोंडातून रक्ताबरोबर दात पडला. तो पुन्हा उठू लागला तेव्हा धनुबाई खाटेवरून म्हणाली, "हिलाल, बस. तू पुस्तक छाप."

निघताना त्यानं कागद मोजून बांधले. विहिरीचं पान हातात घेऊन प्रमिलाला विचारलं, "याना काय करू?"

प्रमिलानं ते घेतलं. पुन्हा एकदा वाचलं. मग चुलीपाशी गेली आणि विस्तवावर ठेवलं. ते पूर्ण जळेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.

पुस्तक आलं तेव्हा उन्हं तापली होती. गुलाबी वेष्टन, वर राक्षसाचं चित्र. छापखान्यात पैलवानाचा एक जुना ठसा पडून होता, हिलालनं त्याला शिंगं जोडली होती. खाली नावं होती: धनुबाई, प्रमिला आणि हिलाल. धनुबाईला वाचता येत नव्हतं. हिलालनं तिच्या डाव्या हाताचं बोट धरून तिच्या नावावरून फिरवलं. उजव्या हाताची बोटं अजून मिटत नव्हती.

हिंमतरावानं एक प्रत उचलली आणि अंगणात खाटेवर बसून शेवटपर्यंत वाचली. कुणी जागचं हललं नाही. त्यानं शेवटून परत मागे पानं उलटली, काहीतरी शोधलं.

"बिहीर नही," तो म्हणाला.

"नही," प्रमिला म्हणाली.

त्यानं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि नदीकडे पाहत बसला.

तेवढ्यात ओसरीतून कागद फाटल्याचा आवाज आला. दिवलीच्या मांडीवर पहिली प्रत होती, हिलालनं वेगळी बांधून आणलेली. तिच्यातलं एक पान तिनं उपटलं होतं आणि दुसऱ्याला हात घातला होता.

प्रमिला कधी उठली ते तिलाच कळलं नाही. तिनं दिवलीच्या तोंडात मारली. मग पाठीत, मग पुन्हा तोंडात. दिवलीचं डोकं भिंतीला लागलं. नाकातून रक्त आलं तेव्हा प्रमिलाचा हात वरच्या वर थांबला.

दिवली रडली नाही. फाटलेलं पान पुढे करून म्हणाली, "बेडकीले मारस तो आठे. म्हणीसन मी काढी टाकं."

हिलाल जागीच उभा राहिला. उठला तो हिंमतराव. त्यानं दिवलीला सहज कडेवर घेतलं, मान थोडी पुढे झुकवून नाक चिमटीत धरलं, रक्त धोतराच्या सोग्यानं पुसलं. त्याच्या हातांना हे काम सवयीचं होतं.

"रडू नको, बेटा," तो म्हणाला. "पुस्तक फाडं ना तू? म्हणीसन मारं ताईनी. नही त कसाले मारती ती?"

धनुबाई प्रमिलाकडे बघत होती.

"आबा, तसं सांगू नका तिले," प्रमिला म्हणाली.

"खोटं शे का?"

प्रमिला दिवलीसमोर आली. हात अजून झिणझिणत होता, तो तिनं मागे धरला.

"तुन्हं काहीच चुकनं नही, दिवली," ती म्हणाली. "मी मारं."

दिवलीनं तिच्याकडे पाहिलं, पण तिच्याकडे झेपावली नाही. हिंमतरावाच्या कडेवरून ती सरकत खाली उतरली आणि धनुबाईच्या खाटेवर, दुखऱ्या हाताला धक्का लागणार नाही अशी, जाऊन बसली.

हिंमतरावाचा हात मूल धरल्यासारखाच बराच वेळ वाकलेला राहिला.