पादत्राणे बाहेर काढावीत

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नगरच्या एका महाविद्यालयात, दुसऱ्या मजल्यावर मला ठेवलं होतं. १९९६ च्या दसऱ्याला मला झेंडूचा हार घातला. खोलीत गालिचा, खिडक्यांना जाड पडदे आणि दारावर पाटी: 'पादत्राणे बाहेर काढावीत.' धुळीने मी बिघडेन, अशी आमच्या गहिनीनाथ सरांना धास्ती होती. मला मात्र तो मान वाटायचा.

केडगावची यशोधरा बी.कॉम.ला होती. लहानपणी पोलिओ झालेला. दोन्ही पायांना लोखंडी कॅलिपर, आणि ते बुटांनाच जोडलेले. तिला संगणकाचा पेपर घ्यायचा होता, कारण आता ऑफिसांत हेच काम येणाऱ्याला घेतात, असं तिने ऐकलं होतं. पहिल्या तासाला ती कठडा धरून जिने चढली आणि घामाघूम होऊन दारात आली.

"बूट काढ," सर म्हणाले.

"सर, बूट काढले की कॅलिपरही निघतात. मग मला उभंच राहता येत नाही."

"नियम सगळ्यांना सारखा, बाळ. महागाची वस्तू आहे ती."

मागून तिसगावचा सुनील म्हणाला, "आमच्या देवळात बी एवढं सोवळं न्हाई." पोरं हसली. सर हटले नाहीत.

यशोधरा दारातच खाली बसली. तिने पट्टे सोडले, बूट चपलांच्या रांगेत ठेवले आणि हातांवर अंग रेटत गालिच्यावरून माझ्याकडे येऊ लागली. हसू थांबलं. मैत्रीण दीपा तिला उचलायला वाकली.

"राहू दे गं," यशोधरा म्हणाली.

"असू दे, घाल ते बूट," सर पुटपुटले.

"आता आलेय, सर. शिकवा."

खुर्चीवर बसून तिने माझ्या बटणांना फार हळू हात लावला, मला काही होऊ नये म्हणून. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाटी निघाली. सर जिन्यात वाट बघत उभे होते. दीपा एकटीच आली.

"तिनं संगणकाऐवजी सहकाराचा पेपर घेतला, सर. तो वर्ग खाली भरतो."

"मशीनच खाली आणतो म्हणावं."

"काल आणायचं होतं, सर."

मला खाली आणलं, तिच्या वर्गाशेजारी. तिच्या कॅलिपरचा आवाज रोज यायचा. माझ्या दारापाशी तो कधी थांबला नाही.

मित्रांनो, यंत्राची निगा राखाच. पण ते कुठे ठेवायचं हे ठरवण्याआधी, ज्यांनी त्यावर शिकायचं त्यांना विचारा, इथवर कसे याल म्हणून. नंतर विचारायला जाल, तर त्यांनी दुसरा वर्ग धरलेला असतो.