प्रथिन गेलं कुठे?

आधीच सांगते, माझ्या कामात कुणी लुडबुड केलेली मला खपत नाही. बावीस वर्षं या प्रयोगशाळेचे फ्रीझर मी सांभाळते. कुठल्या कप्प्यात काय आहे ते डोळे मिटून सांगेन, आणि मला न विचारता कुणी दार उघडलं तर तेही मला कळतं. कसं कळतं ते विचारू नका. पोरं मला ताई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे, पण ते इथे नको.

तर ही गोष्ट एका कुपीची. करंगळीच्या पेराएवढी कुपी, उजेडात धरली तरी आत काही दिसत नाही, इतकी कमी पूड. पण ती पूड म्हणजे माणसाचं प्रथिन. घरी हे सांगितलं तेव्हा आमचे हे घास हातात धरून बसले.

"माणसाचं? कुठल्या माणसाचं?"

"अहो, कुणाचंच नाही. आपल्या अंगात ते कसं बनतं त्याची कृती जिवाणूंच्या पोटात घालायची. मग ते मुकाट्याने बनवून देतात."

"आणि ते कुणाला द्यायचं?"

"कुणालाच नाही. डबीवर स्पष्ट लिहिलंय, फक्त संशोधनासाठी."

यांनी घास तोंडात घातला, पण पटलेलं काही दिसलं नाही.

हे प्रथिन मज्जापेशींना, म्हणजे नसांच्या पेशींना, वाढायला लावतं. ताटलीतल्या पेशी एरवी मण्यांसारख्या गोल असतात. प्रथिन घातलं की दोन दिवसांत त्यांना बारीक धागे फुटतात आणि ते एकमेकींकडे सरकायला लागतात. शंभरदा पाहिलंय, तरी मला मायक्रोस्कोपवरून डोळा काढवत नाही.

आमच्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी आहे. सतत पळत असते म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. गेल्या वर्षी तिने एक भारी गोष्ट शोधून काढली. बाकीचे लोक जेवढं प्रथिन वापरतात त्याच्या विसाव्या हिश्श्यात काम भागतं, फक्त ते दिवसातून दोनदा थोडं थोडं द्यायचं. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, खूश झाले, चार ठिकाणी सांगून आले. मग म्हणाले, आता अगदी शुद्ध कुपी मागव आणि तेच पुन्हा करून दाखव.

नवी कुपी आली आणि धागे फुटायचे थांबले. तीन आठवडे, सहा वेळा प्रयोग, आणि पेशी गोलच्या गोल. जुन्या कुपीतलं तळाला राहिलेलं न मोजता सगळं घातलं, तर त्याच पेशींना झकास धागे फुटले. म्हणजे पेशी धडधाकट होत्या. पण जुनं तेवढ्यातच संपलं, विसाव्या हिश्श्याचं त्यातून काही सिद्ध झालं नाही.

मंगळवारच्या बैठकीत सरांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मागच्या वर्षीचे फोटो नक्की त्याच ताटल्यांचे होते ना?"

सरळ सरळ खोटारडी म्हणणं होतं ते, फक्त सभ्य शब्दांत. पुढच्या मंगळवारपर्यंत धागे दिसले नाहीत तर हे काम बंद आणि मागचे निकालही मागे घ्यायचे, असं ठरलं. भिंगरी वहीत बघत राहिली. माझं रक्त खवळलं. अहो, ते धागे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते! पण बैठकीत माझं कोण ऐकतं?

एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मला जेवण गोड लागत नाही. बुधवारी सकाळी मी तिची वही घेऊन बसले. सहा वेळांपैकी पाच वेळा एकही धागा नाही. पण चौथ्या वेळी कुठे कुठे आखूड कोंब दिसले होते. तिने खाली लिहिलं होतं, 'मोठी नळी वापरली.'

ही मोठी नळी मला आठवत होती. प्रथिन विरघळवून, पातळ करून छोट्या छोट्या नळ्यांत भरून ठेवायचं, म्हणजे रोज एकच नळी काढता येते, सारखं वितळवावं लागत नाही. छोट्या नळ्या कमी पडल्या तेव्हा उरलेलं सगळं एका मोठ्या नळीत ओतलं होतं. कुपी तीच, दिवस तोच, फ्रीझर तोच. वेगळी काय ती फक्त नळी. मग मोठ्या नळीत थोडं तरी प्रथिन राहिलं आणि छोट्यांतलं गेलं कुठे? उडून तर जात नाही ते!

शेवटी मी कधी करत नाही ते केलं. कुपीच्या डबीतलं घडी घातलेलं पत्रक उघडून वाचलं. पत्रकं नव्या पोरांनी वाचायची, असा माझा खाक्या. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की ही कुपी निव्वळ प्रथिनाची आहे, पातळ करून ठेवायची तर अल्ब्युमिन घाला, नाहीतर प्रथिन प्लास्टिकला चिकटून बसेल. अल्ब्युमिन म्हणजे साधं, स्वस्त प्रथिन; तेच आधी भिंतीला चिकटतं आणि मोलाचं प्रथिन वाचतं. जुन्या कुपीत ते आधीच मिसळलेलं असायचं. या शुद्ध कुपीत सोबतीला कुणीच नव्हतं. थोडंसं द्रव आणि सभोवती सगळी भिंतच भिंत, त्यामुळे छोट्या नळीतलं सगळं तिथेच अडकलं.

पण मी पत्रकावर विश्वास ठेवून गप्प बसणाऱ्यातली नव्हे. वापरून रिकाम्या झालेल्या नळ्या मी प्रयोग संपेपर्यंत टाकत नाही. त्यातल्या बारा घेतल्या, अल्ब्युमिनच्या पाण्याने खळखळून विसळल्या आणि ते विसळलेलं पाणी एका ताटलीतल्या पेशींना दिलं. दुसऱ्या ताटलीला एका भरलेल्या नळीतलं द्रव. दोन्हींवर झाकण, आणि चला इन्क्युबेटरमध्ये.

शुक्रवारी दुपारी पाहिलं. भरलेल्या नळीच्या ताटलीत गोल मणी. रिकाम्या नळ्यांच्या ताटलीत धागे! लांब, फाटे फुटलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "अगं बाई!" मी एकटीच मोठ्याने ओरडले.

आणि लगेच खुर्ची ओढून खाली बसले. कारण त्या नळ्या भरल्या होत्या मी. भिंगरी पत्रक उलगडून बसली होती, तर मीच तिच्या हातातली कुपी काढून घेतली होती. "आण इकडे. तू वाचत बसशील आणि ते गरम होईल." वहीत मात्र नुसतं 'नळ्या भरल्या' एवढंच होतं, आणि वही तिची, सही तिची.

खरं सांगते, मनात पाप आलं. नवी कुपी अल्ब्युमिन घालून द्यायची, धागे फुटतील, सगळे म्हणतील पोरीच्या हातून निष्काळजीपणा झाला. खोटारडीपेक्षा निष्काळजी बरी, नाही का? शनिवार-रविवार मी असल्या गप्पा स्वतःशी मारत होते. यांना सांगितलं तर म्हणाले, "मग सांगून टाक की." सांगून टाक म्हणे! यांचं काय जातंय?

मंगळवारी मी दोन्ही ताटल्यांचे फोटो टेबलावर ठेवले. "धागे फुटतात. प्रथिन नळीच्या भिंतीला चिकटलं होतं. नळ्या मी भरल्या, पत्रक न वाचता. हिचा काही दोष नाही आणि मागचे फोटो खरेच आहेत." एका दमात बोलले, नाहीतर बोलणं झालंच नसतं. लाजेने कान तापले होते.

सरांनी दोन्ही फोटो जवळ ओढून नीट पाहिले. मग भिंगरीला म्हणाले, "मी तुझी माफी मागतो." आणि पुढे, "पण नळ्या ताईंनी भरल्या होत्या हे तू तीन आठवड्यांत एकदाही का बोलली नाहीस?"

ती रडायच्या बेतात होती, पण रडली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई चुकल्या असतील असं म्हणायची भीती वाटली. त्यापेक्षा मलाच भास झाला असेल, हे धरून चालणं सोपं होतं."

तीन आठवडे ही पोर स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास घालवत होती, आणि मी फ्रीझरपाशी उभी राहून तिच्यावर खेकसत होते, दार लवकर लाव म्हणून.

बैठक संपल्यावर मी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "ऐक. इथून पुढे काहीही बिघडलं तर पहिली शंका माझ्यावर घ्यायची. समजलं?"

तेसुद्धा मी ओरडूनच म्हणाले. ती दचकून एक पाऊल मागे सरकली, आणि मग मी तेच पुन्हा, हळू आवाजात म्हणाले.