सोमवारची मोजणी

युरोपच्या संसदेवर एकच खासदार पाठवणारा तो मतदारसंघ पुढे मोडीत निघाला. पण त्या जूनमध्ये शोनाचा जीव त्याच्यापायीच टांगणीला लागला होता. साऱ्या देशाची मोजणी रविवारी उरकली. मतदारसंघातल्या कर्मठ ख्रिस्ती बेटावर मात्र रविवार देवाचा, त्या दिवशी कुणी चूल फुंकायला धजत नाही, मतपेट्या कोण उघडणार? तिचा उमेदवार नवरा रुअरी मुख्य भूमीवरच्या मतांत थोडक्यात मागे. आता सोमवारी त्याचं बेट काय पदरात टाकतं ते खरं.

आणि बेटाला दुखावलं होतं शोनानंच. ग्लासगोची पोर ती! मतदानाआधीच्या रविवारी छान वारा सुटला म्हणून बाळाचे लंगोट दोरीवर घातले. देवाच्या वारी धुणं! गावभर बोभाटा झाला. सासूनं, किर्स्टीबाईंनी, तेव्हापासून अबोला धरलेला.

मोजणीच्या टेबलाशी रुअरीतर्फे शोनाच उभी होती. फेरमोजणी झाली, तरी रुअरी एका मतानं मागेच. तिला रडू फुटायचं बाकी होतं. एक मत! चार लंगोट ओले राहिले असते तर काय बिघडलं असतं?

“ही एकच वादातली,” अधिकाऱ्यानं मतपत्रिका पुढे सरकवली. मताची फुली रुअरीच्या नावासमोर, ठसठशीत.

“मग बरोबरी झाली!” शोना ओरडली. “चिठ्ठ्या टाका!”

“खालचं वाच की, बाई,” विरोधकांचा ड्युगल म्हणाला.

खाली लिहिलं होतं : ‘पोर शहरातली, तिला ठाऊक नव्हतं. मी माफ केलं, तुम्हीही करा. — किर्स्टी मॅकॅस्किल.’

सही! बेटावरची जुनी खोडच ती. निनावी बोलतो तो भेकड, असं मानणारी माणसं.

“मतदार ओळखू आला की मत बाद,” अधिकारी मान खाली घालून म्हणाला. “हरकत?”

शोनानं मतपत्रिका परत सरकवली. कायदा तिला पाठ होता. “नाही,” ती म्हणाली.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. आठवडाभरानं तोंड उघडलं. “पडला ना? कितीनं?”

“एका मतानं.”

“मेले! एकालाही दया आली नाही. माझं तरी मोजलं ना गं?”

शोनानं त्यांचा हात घट्ट धरला.

“मोजलं, आई.”